जरा आत सरकवलेली डबी

कवळीवाले डोंगराकडे निघाले की गल्लीत कुणीतरी हटकल्याशिवाय राहत नाही. पाठीवर रिकामी पिशवी, हातात काठी, डाव्या गुडघ्याला घट्ट पट्टा. परततात तेव्हाही पिशवी बहुतेक वेळा रिकामीच असते.

"एवढं काय शोधायला जाता हो?" कोपऱ्यावरचा न्हावी विचारतो.

"काही नाहीये ना, ते बघायला."

"आणि असलं तर?"

"तर काढून आणतो."

न्हावी आरशातून गिऱ्हाइकाकडे बघून डोळा मिचकावतो. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काही उगाच नाही, असं गिऱ्हाईक पुटपुटतं. कवळीवाले दोघांचंही मनावर घेत नाहीत. त्यांचं लक्ष तोवर छपरांच्या वर दिसणाऱ्या डोंगरधारेकडे गेलेलं असतं. आभाळ स्वच्छ असेल तर धारेच्या मध्यावर एक काळा ठिपका दिसतो. ती शिळा. ती अजून जागेवर आहे एवढं बघूनच ते पाऊल उचलतात.

त्यांचा जन्म कवळ्या करण्यात गेला. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली आहे. तिथे प्लास्टरची पोती, मेण वितळवायचा दिवा, घासायचं छोटं चाक, आणि भिंतभर फळ्यांवर गावातल्या माणसांचे पांढरे जबडे ओळीने मांडलेले. नवा माणूस पहिल्यांदा आत आला की दचकतो. कवळीवाल्यांना मात्र चेहऱ्यांपेक्षा जबडेच जास्त ओळखीचे. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर ते आधी तो हसायची वाट बघत. दात दिसले की माणूस ओळखला.

"माझ्यात तरी काय बघितलं होतंत, चेहरा की दात?" बायको विचारायची.

"दात. चेहरा बदलतो."

"दातही पडतील एक दिवस."

"मग मी आहेच की."

माणूस असा मिश्कील, पण एका शब्दाने त्यांच्या कपाळावर आठी पडायची. तो शब्द म्हणजे 'जरासं'. कवळी टोचते म्हणत माणूस येतो आणि सांगतो, जरासं घासून द्या. आठवड्याने पुन्हा येतो, आणखी जरासं. प्रत्येक वेळी केसभरच जातं, त्यामुळे कुणालाच काही चुकल्यासारखं वाटत नाही. आणि एके दिवशी घास चावायला जावं तर वरचे दात खालच्या दातांना भेटतच नाहीत. "बिघडवणारा सापडत नाही हो," ते म्हणायचे, "कारण बिघडवलेलं कुणीच नसतं."

हे त्यांना कवळीच्या बाबतीत नीट कळत होतं. डबीच्या बाबतीत कळायला उशीर झाला.

त्यांना एकच मुलगी, घरातलं नाव ठकी. तिचे दुधाचे दात पडत होते त्या वयात बापलेकीला एका खेळाचं वेड लागलं होतं. खेळ असा की कुणीतरी डोंगरात, बागेत, पुलाखाली एखादी डबी लपवायची आणि तिचा ठिकाणा अक्षांश-रेखांशांत सगळ्यांसाठी खुला करायचा. शोधणाऱ्याने फोनवरच्या नकाशातला ठिपका धरून तिथे पोचायचं, डबी हुडकायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबी होती तशी, होती तिथे परत ठेवायची. कवळीवाल्यांना खेळ आवडला तो या शेवटच्या नियमामुळे. होती तशी, होती तिथे.

आपणही एक डबी लपवावी असं ठकीच्या मनात आलं. गावामागच्या धारेवर, दोन्ही बाजूंना दरी असलेल्या अरुंद जागी, एक लांबट सपाट शिळा आडवी पडलेली आहे. तिचं एक टोक वाटेच्या कडेला गवतात, दुसरं कड्याच्या बाहेर हातभर डोकावणारं. वाटेकडच्या टोकाखाली, लहान दगडांच्या आधारामध्ये, मूठ जाईल एवढी पोकळी होती. एका हातात बिस्किट धरून ठकीने दुसऱ्या हाताने डबी त्या पोकळीत सरकवली होती. आत खेळाच्या रिवाजाप्रमाणे बदलाबदलीच्या चिल्लर वस्तू होत्या, आणि एक न बदलायची वस्तू: तिच्या वरच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा, पुढचे दोन दात पडलेला. झाकणाच्या आतल्या बाजूला तिने वाकड्यातिकड्या अक्षरांत बजावलं होतं, 'हा जबडा माझा आहे, नेऊ नये.'

पुढे ठकी मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली. कवळीवाल्यांच्या गुडघ्याने दगा दिला आणि धारेवर जाणं सुटलं. अधूनमधून फोनवर खेळाकडून विचारणा यायची की तुमची डबी व्यवस्थित आहे ना. लोकांना ती सापडत होती, म्हणजे होतीच. ते प्लास्टरने भरलेलं बोट पुसून 'व्यवस्थित' वर टेकवायचे. शोधून आलेल्यांचे निरोपही यायचे. काय जागा निवडलीत! जीव मुठीत धरून गेलो! मानलं तुम्हाला! कवळीवाल्यांना थोडं नवल वाटायचं. बिस्किट खाणाऱ्या पोरीने ठेवलेली डबी, तिच्यासाठी जीव कशाला मुठीत धरायला हवा? पण स्तुती कुणाला कडू लागते? आजकालची माणसं चालायची सवय मोडलेली, असं म्हणून ते पुन्हा कामाला लागायचे.

दवाखान्यातला त्यांचा शेवटचा महिना चालू होता. डॉक्टरीणबाईंनी कवळ्या करणारं यंत्र आणायचं ठरवलं होतं आणि कवळीवाल्यांनीही कुरकुर न करता फळ्या आवरायला घेतल्या होत्या. अशात एका सकाळी बाईंनी हाक मारली, "जरा बाहेर या, दाताचा रंग जुळवायचाय."

खुर्चीत एक तरणा माणूस होता. पुढचा दात निम्मा तुटलेला, ओठ सुजलेला, एक घोटाही पट्टीत. दातांच्या रंगांचे नमुने त्याच्या तोंडाशी धरत कवळीवाल्यांनी सहज विचारलं, "कुठे आपटलात?"

"धारेवर. एक डबी आहे तिथे लपवलेली," तो सुजल्या ओठातून म्हणाला. "तुम्हाला नाही कळायचं, खेळ आहे एक."

"असेल."

"शिळेच्या बाहेरच्या टोकाला उलटं लोंबकळायचं आणि खालून आत हात घालायचा. मित्राने पाय धरले होते. तेवढ्यात शिळाच डुगली, आणि थोबाड आपटलं. लपवणारा एक तर वाघ असणार, नाहीतर ठार वेडा."

नमुना कवळीवाल्यांच्या हातात तसाच राहिला. "डबी वाटेकडच्या टोकाला आहे," ते म्हणाले. "दगडांमध्ये. बसल्या बसल्या हाताला लागते."

"तुम्ही कधी गेला होतात?" तो हसायला गेला आणि कळवळला. "बाहेरच्या टोकाखाली आहे, काका. खाली नुसती हवा."

"मग तुम्ही ती परत कुठे ठेवलीत?"

"तिथेच."

"तिथेच म्हणजे?"

"म्हणजे तिथेच. जरा आत सरकवली एवढंच. दिसत होती थोडी."

डॉक्टरीणबाईंनी हातातला आरसा ताटलीत ठेवला. कवळीवाल्यांनी नमुने एकेक करून डब्यात ठेवले. प्रत्येकाला वाटलं होतं की डबी थोडी दिसते. प्रत्येकाने भल्यासाठीच ती जरा आत सरकवली होती. शिळेखालून सरकत सरकत ती दुसऱ्या टोकाला पोचली होती, आणि वाटेकडून हात पोचेना म्हणून माणसं तिच्यामागून कड्यावर गेली होती. नकाशावरचा ठिपका मात्र जागचा हलला नव्हता. दोन-चार पावलांचा फरक फोनला कळत नाही.

आत जाऊन त्यांनी घरी फोन लावला. ठकीला सांग, असं ते म्हणणार होते; ती सुट्टी घेऊन आली होती, आणि डबी खेळातून कशी काढून टाकायची ते तिलाच माहीत होतं.

"ठकी घरात नाहीये," बायको म्हणाली. तिच्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक. "आता विचारताच आहात तर सांगते, पण माझं नाव घेऊ नका. तुम्ही कामातून मोकळे होणार ना, त्या दिवशी तिला तुम्हाला तो लहानपणीचा जबडा चौकटीत बसवून द्यायचाय. म्हणून दोघं सकाळीच धारेवर गेलीत, ती आणि तो लिफ्टवाला."

लिफ्टवाला म्हणजे ठकीचा होणारा नवरा. उंच इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करायचा. उंचीची भीती कशाशी खातात हे त्याला माहीत नव्हतं. आतापर्यंत ही गोष्ट कवळीवाल्यांना कौतुकाची वाटत आली होती.

ठकीचा फोन लागेना. धारेवर कुणाचाच लागत नाही. तुटक्या दाताच्या माणसाला हकिकत कळल्यावर तो खुर्चीतून तसाच उठला आणि त्याने कवळीवाल्यांना मोटारसायकलवरून डोंगराच्या पायथ्याशी सोडलं. सुजल्या घोट्याने तो पुढे येऊ शकत नव्हता.

"मला खरंच माहीत नव्हतं हो, काका," तो म्हणाला.

"कुणालाच नव्हतं. मदतीला कुणी मिळतं का बघा," म्हणत ते चढायला लागले.

डोंगराच्या सोंडेवरची वाट सरळ अंगावर येणारी. माती कोरडी, वर सुटे खडे. पाऊल टाकावं तर अर्धं मागे घसरतं. कवळीवाल्यांनी गुडघ्याकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं, पण गुडघ्याने तसं ठरवलं नव्हतं. एका खडकाशी त्यांना हातापायांवर चढावं लागलं. छाती भात्यासारखी चालायला लागली. घसरलेल्या मातीत दोन जोड्या बुटांचे ठसे होते, एक मोठा, एक लहान. दोन्ही वर जाणारे. परतीचा एकही नाही.

माथ्यावर आल्यावर वारा आडवा लागला. डावीकडची दरी धुक्याने काठोकाठ भरली होती आणि उजवीकडची तळापर्यंत मोकळी होती. मधून धार पुढे गेलेली, जागोजागी एका माणसापुरतीच रुंद. त्यांनी दोनदा हाक मारली. वाऱ्याने ती तोंडातूनच उचलून नेली. मग त्यांनी हाका मारणं सोडलं. एक कारण म्हणजे दम उरला नव्हता. दुसरं कारण असं की कड्यावर लोंबकळणाऱ्या माणसाला मागून हाक ऐकू येऊ नये.

शिळेपाशी पोचले तेव्हा आधी त्यांना वाट दिसली. पूर्वी वाट शिळेला वळसा घालून पुढे जायची. आता तिला एक फाटा फुटला होता, शिळेवर चढून थेट बाहेरच्या टोकाकडे जाणारा. गवत पार झिजलेलं. किती पायांनी ही वाट केली होती कोण जाणे, आणि ते सगळे पाय त्यांनी बोलावलेले होते.

ते जुन्या पोकळीशी वाकले. तिथे मूठ जायची, आता अख्खा खांदा गेला असता. शोधणाऱ्यांनी आधाराचे दगड एकेक करून उपसले होते आणि तिथेच टाकून दिले होते. त्यांनी हात आत घातला. तळव्याला गार वारा लागला. म्हणजे खालून आरपार मोकळं होतं. आणि त्या वाऱ्याबरोबर, दगडाच्या पोटातून बोलावं तसा, ठकीचा आवाज आला.

"अजून जरासं सोड. बोटं लागतायत."

त्याच क्षणी त्यांच्या मनगटावरची शिळा उचलली गेली. फार नाही. अंधारात उजेडाची एक बारीक रेघ दिसली, मग ती थोडी जाड झाली.

कवळीवाल्यांनी हात ओढून घेतला आणि होते नव्हते तेवढ्या वजनानिशी ते शिळेच्या टोकावर बसले. शिळा खाली टेकली, दाढा करकरल्यासारखा आवाज करत. समोर लिफ्टवाला पालथा पडला होता, त्याची पाठ त्यांच्याकडे. त्याच्या हातांत ठकीचे घोटे होते. बाकीची ठकी दिसत नव्हती.

"जावईबापू," कवळीवाले म्हणाले. घरात चहा मागावा तशा आवाजात म्हणाले. या नावाने त्यांनी त्याला याआधी कधी हाक मारली नव्हती. "मागे बघू नका. पाय सोडू नका. मी मागच्या टोकावर बसलोय."

लिफ्टवाल्याची पाठ ताठ झाली. त्याने घोट्यांवरची पकड घट्ट केली. रोजचं कामच वजनाला वजन लावायचं, त्यामुळे आपल्या पोटाखालची शिळा नुकतीच का हलली ते त्याला एकदम उमगलं असावं.

"कोण आहे रे?" खालून ठकीचा आवाज.

"मी आहे, ठकी."

"बाबा? तुम्ही इथे कसे? आईने सांगितलं ना! तिच्या पोटात काही राहील तर शपथ."

"ते नंतर भांडू. मागे ये."

"अहो डबीला बोट लागलंय माझं. अजून एकदाच, जरासं..."

"जरासं नको." त्यांचा आवाज चढला नाही, पण ठाम होता. "एक कोपर मागे घे. मग दुसरं. डबी राहू दे."

क्षणभर काहीच हललं नाही. धुकं डावीकडून शिळेच्या कडेपर्यंत आलं आणि तिथेच थांबून राहिलं. मग ठकीचे गुडघे मागे सरकले, पाठ दिसली, केस, खरचटलेली कोपरं. ती शिळेवर पूर्ण आली तेव्हा तिच्या उजव्या मुठीत डबी होती. ऐकेल ती ठकी कसली.

तिघंही ओणवे सरकत वाटेवर आले. कवळीवाले सगळ्यात शेवटी उठले. ते उठताच शिळा हलकेच डुलली आणि पुन्हा स्थिर झाली. ती पडली असती तर बरं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

ठकीने डबी उघडली. जबडा होता, पुढे दोन दातांची खिंड असलेला. कुणीही नेला नव्हता. माणसं नियम पाळणारी होती. तिने तो बापाच्या हातावर ठेवला आणि ती वाटेवरच खाली बसली.

"काका," लिफ्टवाला म्हणाला, कारण काहीतरी बोलायला हवं होतं, "जबडा काढून डबी परत ठेवायला हवी ना? नियम आहे. हवं तर अलीकडेच ठेवू, या गवतात." त्याने ती गवतात ठेवली, मान तिरकी करून बघितलं, आणि बोटाने तिला थोडं आत ढकललं. "दिसत होती जरा."

बापलेक दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या लक्षात आलं तसा त्याचा चेहरा उतरला. त्याने डबी उचलून खिशात घातली.

घरी येऊन ठकीने त्याच दिवशी डबी खेळातून काढून टाकली. जबडा चौकटीत बसला, भिंतीवर लागला. लग्न होऊन दोघं दूरच्या देशी गेली. इथे सगळं संपायला हवं होतं.

पण धारेवर जाणाऱ्यांनी जुना ठिकाणा आपापल्या फोनमध्ये जपून ठेवला होता, एकमेकांना दिला होता. कुणीतरी लिहिलं की डबी जागेवर नाही. आणि कुणा भल्या माणसाने उत्तर दिलं की पुढच्यांचा हिरमोड नको, मी नवी ठेवून आलोय, तिथेच. कवळीवाले गेले, ती काढून आणली. काही महिन्यांनी तिथे आणखी एक होती. त्यांनी धोक्याची पाटी लावली. पाटीमुळे उलट ठिकाण लांबूनच कळायला लागलं. त्यांनी शिळेखाली दगड ठासून भरले. शोधणाऱ्यांनी ते पुन्हा उपसले, आणि आता उपसलेले दगड ते दरीत भिरकावतात, खालून आवाज किती वेळाने येतो ते बघायला.

म्हणून ते जात राहतात. रिकामी पिशवी लिफ्टवाल्याची युक्ती. वर पोचल्यावर आजूबाजूचे दगड गोळा करून ती भरायची, शिळेच्या मागच्या टोकावर ठेवायची, आणि मगच पुढे सरकून खाली डोकवायचं. "त्याशिवाय पुढे जायचं नाही, बाबा," ठकी फोनवर दर वेळी बजावते. काम झालं की दगड शिळेखाली भरायचे आणि पिशवी झटकून घरी यायचं.

गेल्या खेपेला दगड कमी पडले. बराच वेळ हिंडूनही पिशवी निम्मीच भरली. कवळीवाल्यांनी ती टोकावर ठेवली, वर काठी आडवी घातली, आणि पोटावर सरकत पुढे गेले. कडेवरून मान खाली घालून पाहिलं. शिळेखाली काही दिसलं नाही. पण आत, जिथे उजेड पोचत नव्हता, तिथे दगडासारखा न वाटणारा एक सरळ काठ होता. किंवा नसेलही. नीट बघायला आणखी पुढे जायला हवं होतं. फार नाही.

ते जरासे पुढे सरकले. मागचं टोक उचललं गेलं, आणि काठी गडगडत दरीत गेली.

कवळीवाले तसेच पडून राहिले. मग एक कोपर मागे घेतलं. मग दुसरं.

संध्याकाळी गल्लीत शिरले तेव्हा न्हावी दुकान आवरत होता. "काय, आज काठी नाही? विसरलात की काय वर?" त्याने विचारलं. "आणि नव्हतं ना काही?"

कवळीवाले थांबले. मागे वळून त्यांनी छपरांच्या वर पाहिलं. धारेवर धुकं होतं.

"दिसलं नाही," ते म्हणाले.

"मग झालं तर," न्हावी म्हणाला आणि दार ओढून घेतलं.